दाराच्या हँडलला हात लावला आणि झिणझिण्या आल्या

वाचकांचे प्रश्न : आरव्ही, कॅम्पसाइट आणि करंट

मागच्या अंकात आमच्या यूटा-ॲरिझोनाच्या आरव्ही ट्रिपबद्दल लिहिलं होतं, चौदा दिवस, सहा माणसं आणि एक टॉयलेट. त्यात जाताजाता दोन ओळी होत्या की गाडी लावली की मी आधी खांबावरचं सॉकेट तपासतो आणि मग चहा टाकतो. तर ब्राइस कॅनियनबद्दल कुणीच काही विचारलं नाही, सगळे प्रश्न त्या दोन ओळींवरच आलेत. बरंच झालं म्हणा, भोसरीत बारा वर्षं पॅनल बोर्ड बनवण्यात गेली माझी, कॅनियनपेक्षा मला यातलं जास्त कळतं.

ज्यांनी आरव्ही बघितलेली नाही त्यांच्यासाठी एवढंच, की स्वयंपाकघर, बेड, बाथरूम सगळं असलेली ही गाडी भाड्याने मिळते, आणि कॅम्पसाइटवर प्रत्येक जागेला एक छोटा खांब असतो, त्यात सॉकेट आणि ब्रेकर असतात, तिथे गाडीची जाडजूड केबल लावायची. त्याला इकडे हूकअप म्हणतात.

प्रश्न : काका, आम्ही डॅलसला असतो. आईबाबा भारतातून आले होते म्हणून २५ फुटी आरव्ही भाड्याने घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस पडून गेलेला, आई अनवाणीच बाहेर गेली आणि परत आत येताना दाराच्या हँडलला हात लावला तर म्हणाली झिणझिण्या आल्या. मी शूज घालून हात लावला तर काहीच नाही. गाडीवाल्यांना फोन केला तर ते म्हणाले स्टॅटिक असेल, कार्पेटमुळे होतं. आम्ही तसेच आणखी दोन दिवस राहिलो. हे खरंच स्टॅटिक होतं का?

नाही हो. स्टॅटिक म्हणजे एकदाच चट्कन बसतं आणि संपतं, आणि ते कोरड्या हवेत होतं, पाऊस पडून गेल्यावर अनवाणी पायाने नाही. हात ठेवलाय तोवर मुंग्या येतायत आणि ओल्या जमिनीवर उभ्या माणसालाच येतायत, म्हणजे गाडीच्या अंगात करंट उतरलाय. तुम्हाला लागला नाही कारण तुमच्या बुटाचा सोल रबराचा होता, एवढंच. तुमच्या आईंचं नशीब चांगलं.

आता हे होतं कसं ते जरा नीट सांगतो, कारण बाकीचे निम्मे प्रश्न यातच येतात. आपल्या घराला पाया असतो, अर्थिंग असतं. आरव्ही उभी असते रबरी टायरवर, म्हणजे जमिनीपासून तुटलेली, आणि तिचं अर्थिंग येतं फक्त त्या केबलमधल्या एका हिरव्या वायरीतून. ती एक वायर कुठेही तुटली, खांबावरच्या सॉकेटमध्ये सैल झाली, स्वस्तातल्या एक्स्टेन्शनची पिन गंजली, की गाडीतला पंखा चालतो, एसी चालतो, टीव्ही चालतो, कुणाला काही कळत नाही. कारण अर्थिंग नसताना उपकरणं बंद पडत नाहीत. बंद पडली असती तर किती बरं झालं असतं!

मग आत एखादी वायर स्क्रूखाली दबून सोलवटलेली असते, किंवा गीझरचं एलिमेंट फुटलेलं असतं (टाकीत पाणी नसताना कुणीतरी गीझरचा स्विच लावतो आणि एलिमेंट जळतं, भाड्याच्या गाड्यांमध्ये हे फार), आणि १२० व्होल्ट थेट पत्र्यावर येतात. अर्थिंग धड असतं तर क्षणात ब्रेकर पडला असता. अर्थिंगच नाही त्यामुळे करंटला जायला वाट नाही, तो पत्र्यावर बसून राहतो, आणि मग कुणीतरी ओल्या पायाने येऊन हँडल धरतं आणि ती वाट होतं.

तुम्ही म्हणाल पण आईला नुसत्या झिणझिण्याच आल्या. बरोबर, आणि याच गोष्टीने लोक फसतात. मोबाइलचे चार्जर, टीव्ही, मायक्रोवेव्ह यातून थोडासा करंट नेहमीच अर्थिंगकडे गळत असतो, अर्थिंग तुटलं की तो पत्र्यावर जाणवतो, नुसत्या मुंग्या येतात. पण एलिमेंट फुटून आलेला असेल तर मागे अख्खा ३० अँपिअरचा ब्रेकर उभा आहे आणि माणसाच्या छातीतून ३० मिलिअँपिअर गेले तरी धोका असतो, म्हणजे त्याचा हजारावा भाग. सुक्या जमिनीवर, सुक्या हाताने दोन्ही प्रकार सारखेच लागतात. बोटाने फरक कळत नाही, म्हणून बोटाने तपासायचंच नाही.

असं झालं तर काय करायचं? गाडीला हात लावायचा नाही, आत असलेल्यांना सांगायचं आतच थांबा (पूर्ण आत असलेल्या माणसाला धोका कमी, दारात एक पाय आत एक पाय जमिनीवर असलेल्याला सगळ्यात जास्त), कोरडे बूट घालून खांबापाशी जायचं, आधी ब्रेकर पाडायचा आणि मगच प्लग काढायचा. मग कॅम्पच्या ऑफिसला सांगायचं आणि जागा बदलून मागायची. दुसऱ्या खांबावर झिणझिण्या गेल्या तर पहिल्या खांबाचं अर्थिंग खराब होतं. पण त्याने गाडी सुटत नाही हं, अर्थिंग मिळालं म्हणून झाकलं गेलं, आत गळती असेलच तर ती तशीच आहे, ती गाडीवाल्यांना लेखी कळवा. फोनवर स्टॅटिक म्हणतात, ईमेलवर म्हणत नाहीत.

आणि वीसेक डॉलरचा पेन टेस्टर घ्या, वायरीला न टेकवता वाजतो तो. आधी चालू सॉकेटपाशी धरून तो वाजतोय ना बघा, बॅटरी संपलेली असते आणि आपण समजतो करंट नाही. मग गाडीच्या पत्र्याजवळ, दाराच्या हँडलजवळ न्या. वाजला तर गाडीत चढायचं नाही. मी प्रत्येक मुक्कामी हे करतो, अर्धं मिनिट लागतं, बायको म्हणते आरती ओवाळतोय जसा.

एक भाबडा उपाय लोक फार सांगतात, की गाडीशेजारी लोखंडी कांब ठोका आणि वायर जोडा, झालं अर्थिंग. होत नाही. मातीचा रोध समजा २५ ओहम धरला, तोसुद्धा चांगला म्हणायचा, तर १२० भागिले २५ म्हणजे ४.८ अँपिअर जाणार. ३० चा ब्रेकर पाचाला पडतो होय? कांब ठोकलेली, पत्रा तसाच जिवंत, आणि आपण निर्धास्त. गाडी सरळ उभी राहावी म्हणून खाली टेकवायचे लोखंडी जॅक टेकवले म्हणून अर्थिंग होत नाही तेही याच हिशेबाने.

प्रश्न : सनीव्हेलहून लिहितेय. आमच्या ग्रुपच्या तीन फॅमिली होत्या, दुपारी एसी चालू, मी इन्स्टंट पॉटमध्ये (विजेवरचा कुकर) खिचडी लावली आणि दहा मिनिटांनी सगळं बंद. ब्रेकर वर केला, परत दहा मिनिटांनी बंद. नवरा म्हणतो पॉट खराब, मी म्हणते गाडी खराब. कोण बरोबर?

ताई, दोघंही चूक, आणि ब्रेकर बरोबर. तुमची गाडी ३० अँपिअरची. ३० गुणिले १२० म्हणजे ३६०० वॅट, एवढाच तुमचा संसार. आता मांडा : छतावरचा एसी साधारण १३ अँपिअर, गीझर विजेवर असेल तर १२, फ्रिज विजेवर ३, बॅटरीचा चार्जर ५. झाले ३३, खिचडी अजून लागलेलीच नाही. सहा क्वार्टचा पॉट १००० वॅटचा असतो म्हणजे आणखी ८. ब्रेकर लगेच पडत नाही कारण थोड्या जास्त लोडला तो हळूहळू तापतो आणि मग पडतो, म्हणून ती दहा मिनिटं.

उपाय सोपा, गीझर आणि फ्रिज गॅसवर टाका, दोन्हीला तसं बटण असतं. मग एसी, चार्जर आणि पॉट मिळून २६, आरामात बसतं. पण त्यात मायक्रोवेव्हमध्ये चहा गरम करायला गेलात तर तो एकटा १३ खातो. आणि केस वाळवायचं मशीन तर विसराच, ते बहुतेक वेळा १५०० वॅटच्या पुढेच असतं.

५० अँपिअरची मोठी गाडी घेतलीत तर मात्र तिथे १२० च्या दोन लायनी येतात, ५०-५० च्या, म्हणजे १२,००० वॅट. लोकांना वाटतं ३० आणि ५० मध्ये वीसचाच फरक, तो तिपटीहून जास्त आहे. तिथला धोका वेगळा, मधली न्यूट्रल (दोन्ही लायनींची परतीची वायर) सुटली तर एका बाजूला १८० आणि दुसऱ्या बाजूला ६० व्होल्ट असं काहीही होऊ शकतं आणि पाच सेकंदांत टीव्ही, मायक्रोवेव्ह खलास.

प्रश्न : यावर ते सर्ज प्रोटेक्टर की काय म्हणतात ते लावलं की झालं ना? दुकानात ८० डॉलरचाही आहे आणि ३०० चाही.

८० वाला वीज कडाडली वगैरे तर झटका खातो, बहुतेक मॉडेल तेवढंच करतात, काहींत फार तर दिवे पेटून इशारा मिळतो, सप्लाय तुटत नाही. ३०० वाला, ज्याला ईएमएस म्हणतात, तो आधी खांब तपासतो, अर्थिंग आहे का, वायरी उलट्या आहेत का, आणि व्होल्टेज साधारण १०४ च्या खाली किंवा १३२ च्या वर गेलं तर गाडीचा सप्लाय तोडतो. टेक्सासात जुलैत दुपारी सगळ्या गाड्यांचे एसी एकदम चालतात तेव्हा जुन्या कॅम्पवर व्होल्टेज खाली येतं आणि कमी व्होल्टेजला एसीचा कॉम्प्रेसर जास्त करंट ओढून जळतो. स्वतःची गाडी असेल तर घ्याच. भाड्याच्या गाडीत विचारा आहे का, बऱ्याचदा नसतो.

त्या खालोखाल, सॉकेटची जोडणी तपासायचा तीन दिव्यांचा छोटा टेस्टर १० डॉलरला मिळतो, तो चांगला आहे पण त्याच्यावर डोळे झाकून विसंबू नका, काही चुकीच्या जोडण्यांना तोही हिरवा कंदील देतो.

प्रश्न : न्यू जर्सीत एडिसनला घर आहे. जुनी ट्रेलर घेतली, दारात उभी करून चार्ज करायला इलेक्ट्रिशियनकडून ३० अँपिअरचं सॉकेट बसवून घेतलं. पहिल्यांदा लावलं आणि भस्सकन वास, चार्जर गेला, मायक्रोवेव्ह गेला, एसीचा बोर्ड गेला. तो म्हणतो ट्रेलरमध्येच फॉल्ट होता.

ट्रेलरमध्ये नव्हता. ही चूक इतकी नेहमीची आहे की मला वाचतानाच कळलं पुढे काय लिहिलंय. आरव्हीचं ३० चं सॉकेट तीन भोकांचं आणि तिरक्या पात्यांचं असतं, आणि इकडे कपडे वाळवायच्या ड्रायरचं जुनं ३० चं सॉकेटही तीन भोकांचं आणि तिरक्या पात्यांचंच असतं. ड्रायर चालतो २४० वर, आरव्ही १२० वर. घरात काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनने आयुष्यात शंभर ड्रायर जोडलेले असतात आणि आरव्ही एकही नाही, त्याचा हात आपोआप २४० देणाऱ्या डबल पोल ब्रेकरकडे जातो.

पाहिजे काय, तर सिंगल पोल ३० चा ब्रेकर, १० गेजची वायर, एक फेज, एक न्यूट्रल, एक अर्थिंग. गाडी लावायच्या आधी मीटर घालून बघायचं : दोन तिरक्या भोकांत १२०, फेज आणि अर्थिंगमध्ये १२०, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये जवळजवळ शून्य. कुठेही २४० दिसले तर केबल गुंडाळून ठेवा. नुकसानभरपाईच्या पैशांचं म्हणाल तर त्या सॉकेटचे आणि ब्रेकरचे फोटो काढा, काहीही सोडवायच्या आधी.

(भावाच्या घरी साध्या १५ च्या सॉकेटला ॲडॉप्टर लावून चालतं का असंही दोघांनी विचारलंय. फ्रिज आणि चार्जरपुरतं चालतं, एसी लावू नका, भिंतीतलं सॉकेट हाताला गरम लागलं तर लगेच काढा.)

प्रश्न : पुढच्या जुलैत यलोस्टोन आणि योसेमिटी दोन्ही करतोय. हूकअप बुक करायचं कुठून?

योसेमिटीत नाहीच. पार्कच्या आतल्या एकाही कॅम्पग्राउंडला हूकअप नाही, किती शोधा. यलोस्टोनमध्ये फक्त एका ठिकाणी, फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क, आणि तिथे अस्वलांमुळे तंबू चालतच नाहीत, पत्र्याच्या गाड्याच पाहिजेत. ग्रँड कॅनियनला साउथ रिमवर ट्रेलर व्हिलेजला मिळतं. झायनच्या वॉचमनला काही जागांना वीज आहे. या पार्कांत बाकी ठिकाणी बॅटरी आणि जनरेटर.

जनरेटरचं दोन गोष्टी सांगतो. यलोस्टोन लेक ७,७०० फुटांच्या वर आहे, तिथे हवा विरळ, जनरेटरची ताकद साधारण चौथाईने कमी होते, म्हणजे २००० वॅटवाला १५०० वर येतो, घरी एसी चालवून बघितला होता तो तिथे चालेल असं नाही. तशी तिथे एसीची गरजही पडत नाही, जुलैत रात्री स्वेटर लागतो. आणि तिथेच खरी भीती आहे. थंडी वाजते म्हणून लोक खिडक्या बंद करून रात्री जनरेटर चालू ठेवतात किंवा गॅसची शेगडी पेटवून गाडी गरम करतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. झोपताना जनरेटर बंद, शेगडी बंद, आणि गाडी ताब्यात घेताना बेडजवळच्या डिटेक्टरचं बटण दाबून तो ओरडतोय का बघा. शेजारच्याचा जनरेटर तुमच्या खिडकीखाली धूर सोडत असेल तर जाऊन सांगा, आपली माणसं इथे उगाच भिडस्तपणा करतात.

प्रश्न : मिशिगनमध्ये तळ्याकाठचा कॅम्प घेतलाय, शेजारीच बोटींचा धक्का आहे, मुलं तिथेच पोहतील.

तिथे नाही. ज्या धक्क्यावर बोटींना वीज दिलेली असते त्याच्या आसपास गोड्या पाण्यात पोहायचं नाही. एखाद्या बोटीतून करंट पाण्यात गळत असेल तर माणसाचं शरीर गोड्या पाण्यापेक्षा चांगलं वाहक, करंट त्याच्यातून जातो, हातपाय आखडतात आणि माणूस बुडतो, अंगावर खूण राहत नाही. वाचवायला उडी मारणाराही जातो. कुणी ओरडलं की पाण्यात झिणझिण्या येतायत तर धक्क्यापासून लांब पोहायला सांगा, शिडी धरायला नको, धक्क्याची वीज तोडा आणि तरंगणारं काहीतरी फेका. मुलांना दूरच्या बीचवर न्या, चालायला लागेल थोडं.

प्रश्न : मेलबर्नहून. व्हॅनचा प्लग घरच्या सॉकेटमध्ये जात नाही, मित्र म्हणाला खालची पिन कानशीने घास, सगळे करतात.

सगळे करत असतील, तुम्ही करू नका. तुमचा प्लग १५ अँपिअरचा, अर्थिंगची पिन मुद्दाम मोठी ठेवलीय तो १० च्या सॉकेटमध्ये जाऊ नये म्हणूनच. घासलीत म्हणजे राखणदाराला हाकलून दिलंत. घरी १५ चं सॉकेट बसवून घ्या. आणि केबल रीळवर गुंडाळलेली ठेवून एसी चालवू नका, आतले वेढे तापून प्लास्टिक वितळतं, पूर्ण उलगडा.

प्रश्न : मी नाशिकचा. ट्रॅव्हलर गाडी घेऊन आत मॉडिफाय करतोय, बेड, छोटा फ्रिज, एक टनाचा एसी. आपल्याकडे कुठे खांब आहेत? मित्राच्या मळ्यात उभी करणार आणि मोटरीच्या पेटीवरून लाईट घेणार.

२०२१ मध्ये राज्य सरकारने कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण तुमचा मुक्काम मळ्यातच होणार हे मला मान्य आहे, हुरडाही तिथेच मिळतो. पण भारतात २३० व्होल्ट आहेत, अमेरिकेच्या जवळपास दुप्पट, म्हणून जरा कडक बोलतो.

मोटरीच्या पेटीतून दोन वायरी काढून होल्डरला पिळायच्या आणि त्यावर दोन पिनांचा प्लग, हे चालणार नाही. तीन पिनांचं १६ अँपिअरचं सॉकेट पाहिजे आणि त्याची वरची जाड पिन खरोखर कुठेतरी जोडलेली पाहिजे. मळ्यात बहुतेक वेळा नसते, नुसतं भोक असतं. मित्राला सांगून पेटीजवळ धड अर्थिंगचा खड्डा करून घ्या, उन्हाळ्यात त्यात पाणी घालायला सांगा, सुका खड्डा म्हणजे शोभा. आणि तेवढ्याने भागत नाही, वर मी डॅलसच्या उत्तरात लिहिलंय तोच हिशेब, मातीतून एवढा करंट जात नाही की एमसीबी, म्हणजे ब्रेकर, पडेल. म्हणून गाडीत शिरल्या शिरल्या पहिल्यांदा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा, तो गळती बघून पडतो, लोड बघून नाही. एमसीबी गाडीला वाचवते, आरसीसीबी तुम्हाला. दर मुक्कामी त्याचं टेस्ट बटण दाबायचं.

लाईट जाऊन परत येते तेव्हा फ्रिजचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, स्टॅबिलायझर लावाच. रात्रीची लाईट असेल तर मोटर सुरू होताना व्होल्टेज बसतं, तेव्हा एसी बंद ठेवा. आणि तारेवर आकडा टाकून देतो म्हणाला कुणी तर हात जोडून नको म्हणा.

प्रश्न : सासूबाई येताना पुण्याहून मिक्सर आणतायत, म्हणतात आरव्हीत ओल्या नारळाची चटणी करू. चालेल का?

२३० चा मिक्सर १२० वर गुरगुरेल पण नारळ वाटणार नाही. कन्व्हर्टर लावून ७५० वॅटचा मिक्सर चालवायचा तर तो कन्व्हर्टर विटेएवढा जड येतो आणि गाडीत ठेवायला जागा नाही. इकडच्या देशी दुकानात ११० वर चालणारा मिक्सर मिळतो तो घ्या, सासूबाईंना सांगा येताना शेंगदाण्याची आणि कारळ्याची कोरडी चटणी कुटून आणा.